घोडवेल, मंगरू मेट आणि माझा रिपोर्ट

इंजिनिअर साहेबांनी ट्रॉली थांबवली, खाली उतरून काठीनं भरावावरचा वेल डिवचला. तो कटकन मोडला. "डेड," साहेब म्हणाले. मे महिना होता, आणि तो वेल मी लावलेला होता.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. सालेकशाच्या पुढे जंगलातून जाणाऱ्या लाईनवर मी पी.डब्ल्यू.आय. होतो, म्हणजे रूळ आणि त्याखालची माती सांभाळणारा माणूस. नाल्यावरचा पूल आणि स्टेशन यांच्या मधे आमचा एक उंच भराव होता. सखल जागी माती टाकून रुळांसाठी केलेल्या बांधाला भराव म्हणतात. दर पावसाळ्यात त्याची कड ढासळायची. वरून मंजुरी होती गवताला. मी मात्र साहेबांच्या मागे लागून घोडवेल लावला. हा इथल्याच रानातला, शेंगा धरणारा वेल. जमिनीत कोहळ्याएवढा कंद, मुळं खोल, आणि वर्षानुवर्षं मरत नाही. कंद आणून दिले ते आमच्या गँगच्या मेटनं, म्हणजे मुकादमानं. त्याचं नाव मंगरू. दोन पावसाळ्यांत वेलानं सगळा भराव झाकून टाकला होता.

आधीच्या उन्हाळ्यात वळवाच्या सरींमुळे तो हिरवा राहिला होता; आता नुसत्या काटक्या उरल्या होत्या. साहेबांनी बजावलं, पाऊस लागेपर्यंत हिरवं दिसलं नाही तर सगळं उपटून गवत लावायचं, आणि दोन वर्षं फुकट घालवल्याचा ठपका माझ्यावर.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मी हुकूम काढला की रोज सकाळ-संध्याकाळ नाल्यातून डबे भरून वेलाला पाणी घालायचं. स्टेशनकडच्या अर्ध्या भागात मी स्वतः उभा राहायचो. पुलाकडचा अर्धा भाग मंगरूकडे दिला. रोज मी नखानं साल खरवडून आत हिरवं आहे का ते बघायचो. कधी वाटायचं आहे, कधी वाटायचं नाही.

आठ दिवसांनी पुलाकडे गेलो, तर माती ठणठणीत कोरडी. मंगरू चिलीम ओढत बसला होता. मी तापलोच. पाणी का घातलं नाही म्हणून विचारलं.

"कायले घालाचा बाबू? झोपला हाये थो. झोपलेल्याच्या तोंडात पानी ओतता का?"

"आणि साहेबांनी उपटून टाकला म्हणजे?"

"मिरीग लागू द्या. आपल्या मतानं उठन. तुमी बी पानी बंद करा, नाई त कंद सडन."

हा मला माझं काम शिकवतो, असं मला वाटलं. खरं तर भीती माझी होती आणि राग काढला त्याच्यावर. त्याच दुपारी मी रिपोर्ट लिहिला: मेटनं हुकूम मोडून अर्ध्या भरावाची हयगय केली, त्याला कामावरून कमी करावं. पॅसेंजरच्या गार्डाच्या हाती तो साहेबांकडे पाठवला. गाडी सुटली, आता तो परत घेता येणार नव्हता.

मृग लागला. आठवड्याभरात पुलाकडे कोंब फुटले, मग तीन-तीन पानं. स्टेशनकडे काहीच नाही. मी एक वेल ओढला, तो अलगद हातात आला. खाली कंदाचा काळा, आंबूस वासाचा चिखल. दुसरा ओढला, तोही तसाच. जातीनं उभं राहून मीच सडवला होता तो.

साहेबांचं उत्तर अजून आलं नव्हतं. मंगरूला रिपोर्टचा पत्ताच नव्हता. तो रोज सकाळी मला रामराम करायचा, आणि मला त्याच्याकडे बघवत नसे.

मग तीन दिवस झड लागली. चौथ्या सकाळी मंगरू धावत आला. स्टेशनकडची कड खचली होती, रुळांखालचे स्लीपर अधांतरी लटकत होते, आणि मालगाडी यायची वेळ झाली होती. लाल झेंडी घेऊन तोच पुढे पळाला आणि रुळावर फटाके बांधून आला. हे फटाके चाकाखाली फुटले की ड्रायव्हर ब्रेक मारतो. दोन आवाज झाले. गाडी भरावाच्या अलीकडे थांबली.

दुपारी साहेब आले. खचलेली कड पाहिली आणि खिशातून माझा रिपोर्ट काढला. मेटला आजच काढतो म्हणाले, पण त्यानं हयगय केली तो भाग आधी मला दाखवा.

मंगरू चार पावलांवर फावडं घेऊन उभा होता. ढासळलेल्या कडेकडे बोट केलं असतं तर माझी नोकरी सुखरूप होती. मी पुलाकडचा भाग दाखवला. तिथं वेलानं माती गच्च धरली होती, एक ढेकूळ हललं नव्हतं.

"आणि हा खचलेला?" साहेबांनी विचारलं.

"तो मी सांभाळला, सर."

साहेबांनी रिपोर्ट माझ्या हातात परत दिला. मला लेखी वॉर्निंग मिळाली, त्या वर्षीची बढतीही गेली. मंगरू मेटच राहिला. पुढच्या खेपेला कंद कुठं आणि कसे लावायचे ते त्यानं सांगितलं, मी ऐकलं.

त्यानंतर वीस वर्षं नोकरी केली. घाबरलेल्या माणसानं वेलाला पाणी घालू नये आणि रिपोर्टही लिहू नये, एवढं त्या भरावावर शिकलो.