पायी आलेला जावई

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला हे मला न्यायला आले ते पायी. डोंगरकड्याहून कुरुंद्याला, गुडघ्यापर्यंत धूळ, डोक्याला नवा पटका आणि झिजू नयेत म्हणून चपला हातात. आमच्या गल्लीतल्या बायकांची दिवाळी त्यांनी वेगळीच गोड केली. "जावयाला गाडी भेटली न्हाई का गं?" असं एकीनं विचारलं, तर दुसरी म्हणाली, "अगं, घाई झाली आसंल. बैल जुंपायला येळ कोण घालवील?" मी दाराआड उभी राहून हे ऐकत होते आणि तोंडात पदर कोंबून हसत होते.

मी तेव्हा सतरा वर्षांची, म्हणजे त्या काळी घोडनवरी. सासरी पाच महिने काढले होते, पण यांच्याशी बोलणं झालं असेल वीसेक वाक्यांचं, आणि त्यातली निम्मी पाणी देण्या-घेण्याची. माणसांनी भरलेल्या घरात नवरा-बायकोनं दिवसा एकमेकांकडे बघणंसुद्धा बरं दिसत नसे. यांच्या चालण्याबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. लग्नात वऱ्हाड गाड्यांतून आलं आणि नवरदेव पुढं पुढं चालत आला, तेव्हा सासूबाईंनी मारुतीचा नवस आहे असं सांगितलं होतं. आम्हाला ते खरं वाटलं.

भाऊबीजेनंतर आम्ही निघालो. गाडी हाकायला माझा थोरला भाऊ, गाडीत मी आणि फराळाच्या टोपल्या, आणि हे गाडीमागं पंधरा पावलं.

"बसा की दाजी," भाऊ म्हणाला.

"चालतो. बरं वाटतं चालायला."

अर्धा कोस गेल्यावर माझ्या मनात आलं, की हा माणूस तिकडं एकटा चालतोय, मी इकडं एकटी बसलेय, आणि या रस्त्यावर ना सासूबाई आहेत ना चुलतसासरे. माझं काळीज असं उड्या मारायला लागलं की बसवेना. "दादा, पायाला मुंग्या आल्या," म्हणत मी खाली उतरले. भावानं एकदा माझ्याकडं तिरकं बघितलं, बैलांना हाकललं आणि मोठ्यानं गाणं धरलं. त्यानंतर त्यानं मागं वळून पाहिलं नाही. भाऊ असावा तर असा.

आता नवऱ्याला विचारावं तरी काय? मी विचारलं, "तुमाला काय आवडतं?" ते पुढच्या बाभळीपर्यंत विचार करत चालले. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "पिठलं." मला जे हसू फुटलं ते आवरेचना. बांधावर बसून हसले. ते आधी घाबरले, मग तेही हसायला लागले. मग मला कळलं की यांना हसताना डाव्या गालावर खळी पडते. पाच महिने एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं.

दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. ओढ्याची उतरण आली आणि मागून घुंगरांचा आवाज आला. कुणाची तरी गाडी उतारावरून भरधाव येत होती. मी बाजूला सरले, वळून पाहिलं तर हे नव्हतेच. कापसाच्या पराटीच्या ओळीत गुडघ्यावर बसले होते, दोन्ही कान दाबून. मला वाटलं साप चावला. धावत गेले, हाक मारली, पण त्यांना ऐकूच येत नव्हतं. उन्हात बसलेल्या माणसाचा हात गार पडलेला. गाडी निघून गेली, घुंगरं विरली, तरी बराच वेळ ते तसेच होते. डोळे उघडे, पण बघत होते दुसरंच काही.

मग हळूच म्हणाले, "मी येडा न्हाई."

"मी कुठं म्हणले?"

"गावात म्हणतात. भाऊ गेला माझा, गाडीखाली. पाच वर्षं झाली. तवापासून गाडीत बसवत न्हाई. घुंगरं ऐकली की मी इथं नसतो, तिथंच असतो." इतकं बोलून ते उठले, गुडघे झटकले आणि चालायला लागले. मीही चालले. पुढचा कोसभर मी त्यांच्या अगदी शेजारून चालत होते आणि त्यांनी मला 'मागं हो' म्हटलं नाही.

सासरी हळूहळू सगळं कानावर आलं. थोरल्या दिराचं लग्न ठरलेलं होतं. कापसाची गाडी घेऊन दोघे भाऊ सरकी काढायच्या जीनवर चालले होते, उतारावर बैल उधळले आणि गाडी उलटली. सासूबाईंनी पुढं काय काय केलं नव्हतं? भगत आणला, अंगारा लावला, दर्ग्यावरून ताईत आणला, लिंबं उतरवून टाकली. कुणी म्हणे थोरल्याचा आत्मा याच्या पाठीस लागलाय. कुणी म्हणे, पोरगा भेदरट.

मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं. पण खरं सांगायचं तर त्या वर्षी मी हवेतच होते. इतर बायका माहेरी जाताना रस्ता कधी संपतो म्हणून वाट पाहत, आणि मी पाच कोसांचे दहा कोस व्हावेत म्हणून. आईला बरं नाही, मावशी आलीय, वहिनीचे डोहाळे, मला माहेरचं कोणतंही कारण पुरे. गाडी पुढं, आम्ही मागं. त्यांनी मला पाखरांची नावं सांगितली, मी त्यांना गल्लीतल्या बायकांच्या नकला करून दाखवल्या. एकदा आम्ही हसता हसता रस्ता चुकलो. भाऊ गाडी थांबवून अर्धा प्रहर वाट बघत बसलेला.

संक्रांतीच्या वेळी भावाच्या बैलाच्या खुराची पत्री निघाली, म्हणून वाटेतल्या खेड्यात लिंबाखाली थांबलो. तिथं एक म्हातारे चाचा बैलांना पत्र्या मारायचे. पांढरी दाढी, दंड मात्र पैलवानासारखे. बैल दोरानं पाडला, भाऊ त्याच्या मानेवर बसला, आणि तेवढ्यात रस्त्यावरून एक घुंगरांची गाडी गेली. हे लिंबाच्या खोडाला चिकटले. चाचांनी हातोडी खाली ठेवली.

"बेटा, कुठं अडकला तू?"

हे खोड सोडेनात. मीच सांगितलं, जेवढं माहीत होतं तेवढं.

चाचा म्हणाले, "मी लामावर होतो, मोठ्या लढाईत. बसऱ्याकडं. घोड्यांना नाल मारायचो. तोफेचा गोळा पडला आन् घोडा माझ्या अंगावर. मेलेल्या घोड्याखाली दिवसभर. घरी आलो, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी बायकोच्या हातून तांब्या पडला आन् मी खाटेखाली. रोज तेच. खाट ठेंगणी, डोकं फुटायचं. तिनं काय करावं? खाटेच्या पायाखाली विटा लावल्या, म्हणजे घुसताना डोक्याला लागू नये."

मला हसू आलं आणि मी जीभ चावली.

"हसा, हसा. ती पण हसायची. पण डरपोक न्हाई म्हणली कधी." मग ते यांच्याकडं वळले. "कानाला काय माहीत, लाम संपला म्हणून? आपण घरी येतो, कान तिकडंच बसून राहतो. त्याला रोज सांगावं लागतं, बाबा, घरी चल."

"कसं सांगायचं?" यांनी विचारलं. परक्या माणसाला त्यांनी या गोष्टीबद्दल काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ती मला सांगून तांब्या पाडायची. 'पाडते हं', म्हणायची. आधी लांबून, मातीवर. मग जवळ, फरशीवर. मी पळालो तरी पळू द्यायची, मग पुन्हा. पुरी गल्ली इचारायची, या घरात रोज तांब्या काहून पडून राहिला? सालभर लागला. आता कधी कधीच खाटेखाली जातो." असं म्हणून त्यांनी हातोडी उचलली.

डोंगरकड्याला परतल्यावर आम्ही गोठ्यामागं उभी असलेली गाडी गाठली. बैल सोडलेले, जू जमिनीवर, दुपारची वेळ, घरचे सगळे रानात. पहिल्या दिवशी यांनी फक्त चाकाला हात लावला आणि घामानं भिजले. आठवड्यानं एक पाय वर ठेवला. मी आत बसून शेंगा सोलायचे आणि एकेक दाणा पुढं करायचे, जसं वासराला जवळ बोलवावं. ते म्हणायचे, "मी काय वासरू हाय?" आणि पुढं यायचे. ज्या दिवशी ते पुरते आत येऊन बसले त्या दिवशी त्यांचे दात वाजत होते आणि मी टाळ्या वाजवत होते. काही दिवस असे जात की चाकापाशीही जमत नसे. त्या दिवशी आम्ही नुसतेच गोठ्याच्या सावलीत बसायचो.

एके दुपारी, गाडीत बसल्या बसल्या, त्यांनी ते सांगितलं जे कुणालाच सांगितलं नव्हतं. "कासरा माझ्या हातात होता. मीच मागितला. दादा म्हणला, उतार हाय, पुढं देतो. मी हट्ट केला." मदतीला माणसं येईपर्यंत भावाचं डोकं मांडीवर घेऊन ते कापसात बसले होते. बैलांच्या गळ्यातली घुंगरं तेवढा वेळ वाजत होती.

मी त्यांचा हात धरला. आणि गोठ्याच्या मागच्या दारात सासूबाई उभ्या. भर दिवसा सून नवऱ्याचा हात धरून गाडीत बसलेली. माझ्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या.

सासूबाई माझ्याकडं बघतच नव्हत्या. "मला ठावं होतं," त्या यांना म्हणाल्या. "थोरल्याला घरी आणला, तवा जाताना त्यानं सांगितलं होतं मला. म्हणला, धाकट्याला कुणी बोलू नका. मी कुणाला बोलू दिलं न्हाई. तुला इचारलं बी न्हाई. तितंच चुकलं माझं." मग त्या चाकाला टेकून रडल्या. हेही रडले. मी तर दोघांच्या दुप्पट रडले. थोड्या वेळानं सासूबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "गाडीत बसायचं तर बसा, पण टरफलं तरी बाहेर टाका." आम्ही तिघंही हसायला लागलो. आतून चुलतसासऱ्यांनी विचारलं, काय झालं. सासूबाई म्हणाल्या, काही नाही, म्हैस व्याली.

पुढच्या वर्षी सातव्या महिन्यात मला बाळंतपणाला जायचं होतं. चालणं शक्यच नव्हतं. भाऊ गाडी घेऊन आला, बैलांना नवी घुंगरं घेतली होती, ती त्यानं आपणहून काढून ठेवलेली. मी बसले. हे गाडीमागं उभे राहिले, एकदा ओठांवरून हात फिरवला आणि चढून माझ्या शेजारी बसले. भावाच्या तोंडचं गाणं अर्ध्यात थांबलं.

सुरुवातीचा रस्ता ते डोळे मिटून होते. एकदा उतरून बांधाला उलटी केली, चूळ भरली आणि परत चढले. ओढ्याच्या उतरणीला मात्र खाली उतरून चालले. मी म्हटलं, "चाला, काय घाई न्हाई." उतार संपल्यावर पुन्हा वर. माझा हात त्यांनी असा दाबून धरला होता की बांगड्या पिचल्या. कुरुंद्याच्या वेशीत बायकांनी ते पाहिलं, हात धरून बसलेला जावई, आणि त्यांना आणखी दहा वर्षांची सामग्री मिळाली. मला काही लाज वाटली नाही. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

मुलगी झाली. हे पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. गरजेपुरते गाडीत बसत, मागच्या कडेला, पाय खाली सोडून. आमच्या बैलांना कधी घुंगरं बांधली नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत ते गप्प होत. मग मी कामाचं निमित्त काढून त्यांच्याबरोबर रानात चालत जायचे.

निजाम राजवट संपली तेव्हा लेक सात वर्षांची होती. एकदा तिनं विचारलं, "बाबा, तुमी उतारावर काहून उतरता?" मी काहीतरी जुळवून सांगणार, तेवढ्यात ते म्हणाले, "मला तिथं भ्या वाटतं."

ती म्हणाली, "बरं," आणि खेळायला पळाली.