दोन्ही बाजू सारख्या

अलोऱ्याच्या कोयना वसाहतीतून मी रत्नागिरीच्या कॉलेजात आले, ही गोष्ट ऐंशी-एक्याऐंशीची. डॉ. निर्मला पाध्ये यांच्याविषयी एवढेच ऐकले होते, की बाईंच्या तासाला उशीर करू नये. एसटीने पहिल्याच दिवशी तो करायला लावला. मी दारात पोचले तेव्हा बाईंनी फळ्यावर दोन समांतर रेघा ओढल्या होत्या. "ह्या सारख्या आहेत का गो?" मी हो म्हटले. "नाहीत. बस आता."

तो तास पेशीच्या पटलाचा होता. पटलाला दोन थर, दोन्ही लिपिडांचे, म्हणजे स्निग्ध पदार्थांचे; पण काही लिपिडे बाहेरच्या थरात जास्त, काही आतल्या. हा फरक फुकट टिकत नाही, त्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्चत असते, असे बाई सांगत होत्या. मी त्या विषयात अडकले ती अजून सुटलेली नाही.

पुढे मी त्यांच्या हाताखाली संशोधनाला लागले. बोकडाच्या तांबड्या रक्तपेशी घ्यायच्या आणि कोणते लिपिड कोणत्या थरात आहे ते शोधायचे, असे काम. ज्यांच्या घरात अंडेही शिजत नाही अशा बाई सकाळी थर्मास घेऊन मटणाच्या दुकानापुढे उभ्या राहत. बर्फ मासळीच्या धक्क्यावरून येई. तो लवकर विरघळू नये म्हणून मासळीवाल्या त्यात जाडे मीठ घालतात असे समजून बाईही मूठभर घालीत.

आणि आमचे उत्तर जगावेगळे आले. दोन्ही थर सारखे! पेशी धुताना पाणी लाल होई, पण बोकडाच्या पेशी नाजूकच असतात, म्हणून आम्ही तिकडे काणाडोळा केला. मुंबईच्या परिषदेसाठी निबंध स्वीकारला गेला. त्यावर आमच्या प्रयोगशाळेला संशोधन केंद्राची मान्यता मिळेल, असे प्राचार्यांनी सगळ्यांना सांगून टाकले. बाईंनी या मान्यतेसाठी उमेदीची सगळी वर्षे घातली होती.

परिषद तोंडावर आली असताना एक दिवस बर्फाचा कारखाना बंद होता. माठातल्या गार पाण्यात नळी ठेवून रक्त आणले, आणि थर वेगळे निघाले. मी म्हटले, "एकदाच आलंय, बाई. परिषदेनंतर बघू."

"नंतर बघायचं ते आधी बघायला काय हरकत आहे?"

दुसऱ्या दिवशी एकाच रक्ताचे दोन भाग केले, एक मिठाच्या बर्फात, एक साध्या. मिठाने बर्फ शून्याच्याही खाली जात होता. पेशी गोठून फुटत होत्या, आणि फुटक्या पेशीत आतले-बाहेरचे सगळे एकच दिसणार. बाईंनी दोन्ही नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी हो. मीठ मी घातलं." मला रडू आले. त्यांनी चहा मागवला.

मुंबईला व्यासपीठावर त्यांनी निबंध वाचलाच नाही. मिठाची हकीकत सांगितली. सभागृहात हशा पिकला, बाईही हसल्या. मान्यता त्या वर्षी हुकली ती हुकलीच. आम्ही परत आलो आणि साध्या बर्फावर पहिल्यापासून सुरुवात केली.

त्याच काळात मला कावीळ झाली. बाई एसटीने अलोऱ्याला आल्या. "इतक्या लांब कशाला आलात?" आई ओशाळून म्हणाली. "हिनं आलेख अर्धे टाकलेत, ते मागायला," बाई म्हणाल्या, आणि उशाशी बसून मला पेज भरवू लागल्या. पेजेबरोबर मी आलेखांवरून बोलणीही खात होते. आवाज तोच, फळ्यापुढचा.

बाईंना फणसाची उपमा देणारे पुष्कळ आहेत. मला ती पटत नाही. त्यांचे रागावणे आणि माया करणे मी कधी वेगवेगळे पाहिलेले नाही. मुंबईच्या त्या व्यासपीठावर होत्या त्याच बाई माझ्या उशाशीही होत्या.

आज बाई साठीच्या झाल्या. हेदवीच्या घरी आता राहणार म्हणतात. तिथल्या दशभुजा गणपतीने त्यांना ठणठणीत ठेवावे, आणि आमच्या चुका काढायला पुष्कळ वर्षे द्यावीत. दोन्ही थर सारखे, हा आमचा निष्कर्ष बोकडाच्या बाबतीत खोटा ठरला. बाईंच्या बाबतीत तो मी अजून मागे घेतलेला नाही.