कुंकू लावलेला सूक्ष्मदर्शक

धारूरच्या छबुबाईच्या तोंडाला कुणी लागत नसे. मुकादम असो की मास्तर, समोरचा माणूस किती पोकळ आहे ते ती मडक्यासारखं वाजवून बघायची, आणि बहुतेक सगळे पोकळच निघायचे. कौतुक ती फक्त आपल्या सातवीतल्या लेकीचं, सत्यभामेचं करी. तेही पोरगी समोर नसताना.

पोरगी होतीच तशी. घरातला रेडिओ उघडून जोडलेला, शेजारच्यांचा पंखा उघडून जोडलेला. फवारणीचा पंप अडला की भावकीतले बाप्ये मिशीला पीळ देत तिच्याकडेच यायचे.

दोन हजार पंधराचं साल होतं. विहिरींनी तळ दाखवला होता आणि दसरा झाला की टोळी ऊसतोडीला निघणार होती. मागच्या वर्षी सत्यभामा सोबत गेली, तर चार महिने शाळा बुडाली आणि मोळ्या वाहून मान आखडली. यंदा तिला बीडला मावशीकडे ठेवायचं, असं छबुबाईने ठरवलं. पण नवरा गहिनीनाथ अडून बसला. "तितं हातानं कायतरी शिकणार असंल तर ऱ्हाऊ दे. नुसतं पुस्तक वाचायचं तर फडातबी वाचती की." गहिनीनाथ वर्षातून एकदा शहाण्यासारखं बोलायचा आणि नेमका अडचणीच्या वेळी.

म्हणून नवमीच्या आदल्या दिवशी मायलेकी तसा क्लास शोधायला बीडला आल्या. पहिल्या क्लासच्या पाटीवर रोबोट होता. आतही एक होता, पण काचेच्या कपाटात, आणि कपाटावर लिहिलं होतं, हात लावू नये. पोरं भिंतीवरच्या टीव्हीत बघून वहीत उतरवून घेत होती.

"सर, आमी ह्याला कधी खोलायचं?" सत्यभामेने विचारलं.

"खोललं तर बिघडेल ना, बाळा."

"नुसतं बघायचंच असंल तर आमच्या बांधावर म्हसोबा हाय," छबुबाई म्हणाली. "त्यो फी घेत न्हाई."

दुसऱ्या क्लासात विज्ञान पाठ करून घेत होते. तिथे छबुबाई चप्पल काढायलासुद्धा थांबली नाही.

राहिलं होतं साखर कारखान्याने अकरा वर्षांपूर्वी काढलेलं बालविज्ञान केंद्र. कारखान्याचं धुराडं दोन हंगाम थंड होतं, सभासदांच्या रानात ऊस सोडा, कुसळ उगवत नव्हतं. पण केंद्राची पाटी मात्र नवीकोरी होती. तिच्यावर चेअरमन राधाकिशनरावांचा फोटो होता. तोच फोटो गावोगावच्या पाण्याच्या टँकरवरही होता, म्हणून लोक पाणी पिताना त्यांचं तोंड बघत.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे या दिवशी कोयता, नांगर, शिलाई मशीन, जे पोट भरतं त्याची पूजा होते. मायलेकी केंद्रात पोचल्या तर तिथे सूक्ष्मदर्शकाची पूजा होती. त्याने अकरा वर्षांत कुणाचं काय भरलं होतं ते देव जाणे, पण वर्षातून याच दिवशी शिपाई मुंजाजी त्याला कपाटातून बाहेर काढायचा. चेअरमननी हार घातला, नारळ फोडला आणि हळदीकुंकवाचं बोट नेमकं डोळा लावायच्या काचेवर टेकवलं. मग एकेक संचालक वाकून बघू लागला.

"वा! काय सृष्टी हाय!"

"समदं ब्रह्मांड दिसतंय, साहेब!"

प्रत्येक जण पापणीला कुंकू लावून मागे सरत होता आणि एकमेकांची तोंडं बघूनही कुणाला काही वाटत नव्हतं. छबुबाईने आयुष्यात पुष्कळ येडे पाहिले होते, पण इस्त्रीच्या कपड्यातले एवढे एका रांगेत पहिल्यांदाच.

सत्यभामा वाकली, सरळ झाली. "काईच दिसत न्हाई. काचंवर कुंकू हाय."

चेअरमन हसले. "पोरी, बघायला नजर लागती."

"नजर हाय तिला," छबुबाई म्हणाली, "काच पुसू द्या की." परवानगीची वाट न बघता तिने पदराचं टोक ओलं करून पोरीच्या हातात दिलं. पोरीने काच पुसली, पुस्तकातल्या चित्रात असतो तसा खालचा आरसा खिडकीकडे वळवला आणि दारातल्या रांजणातल्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवला. रांजण कारखान्याच्या टँकरनेच भरलेला होता.

ती इतका वेळ बघत राहिली की छबुबाई तिच्याजवळ सरकली. "माय," ती शेवटी म्हणाली, "ह्यात बारीक किडे वळवळायलेत. आपण ह्येच पितो?"

पाण्याचा पेला तोंडाशी नेलेला एक संचालक तसाच थांबला. चेअरमनचा चेहरा उतरला. "मुंजाजी, कपाट लाव! आणि ह्यांना बाहेर काढ." गाड्या धुरळा उडवत गेल्या.

छबुबाई पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. आपल्या जिभेपायी पोरीच्या हातात पुन्हा मोळी येणार, हे तिला लख्ख दिसत होतं. तेवढ्यात मुंजाजी किल्ली घेऊन समोर आला.

"साहेब आता पुढल्या नवमीलाच येतेत. तवर किल्ली माझ्यापाशीच असती. पोरीला रोज शाळा सुटल्यावर धाडा."

"मग अकरा वर्सं कुलूप कावून लावून ठेवलं, मेल्या?"

"कुणी उघड म्हणलंच न्हाई, बाई."

छबुबाईने डोळे पुसले आणि पोरीला मुंजाजीपुढे उभं केलं. गहिनीनाथला तिने सगळं सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे."

दसऱ्यानंतर टोळी निघाली. ट्रकमध्ये लेकीची जागा रिकामी होती आणि छबुबाईला ती जागा सारखी टोचत होती. फडावर पोचल्यावर तिने आधी तीन दगड मांडले आणि पिण्याचं पाणी उकळत ठेवलं. आधीच सरपण कमी, म्हणून टोळीतल्या बाया फिदीफिदी हसल्या. "छबे, पाण्याला काय शिजवायलीस?"

"हसा," ती जाळ पुढे सारत म्हणाली. "माझ्या लेकीनं बघितलंय."