स्टोव्हचं वॉशर आणि वन टनचा वायपर

भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी मी सिकंदराबादच्या एमटी पार्कमध्ये, म्हणजे गाड्यांच्या तळावर, एका वन टन गाडीचा वायपर उघडून बसलो होतो. तेव्हा मी लष्कराच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत नायक होतो, ट्रेड ड्रायव्हर. गाडी माझ्या ताब्यात होती. सोमवारी इन्स्पेक्शन होतं. इंजिन, ब्रेक, लाइट, सगळं चोख होतं. फक्त वायपर मनात येईल तेव्हा चालायचा.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं की वायपर म्हणजे रबरी पट्टी. पट्टी कोणीही बदलेल. खरं काम आत असतं. मोटर फिरते गोल आणि काचेवर पट्टी हलायला हवी इकडून तिकडे. ते काम करतात मधल्या दोन सळया. सळईच्या टोकाला एक वाटी असते, वाटीत लोखंडी गोळी बसते आणि दोघींच्या मधे बूश नावाचा छोटा गोल तुकडा असतो. तो झिजला की गोळी वाटीतून निसटते. मग मोटर घूं घूं करत राहते आणि पट्टी काचेवर मेल्यासारखी पडून राहते. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूचा बूश झिजून कागद झाला होता. स्टोअरला दोनदा मागणीचा इंडेंट दिला. दोन्ही वेळा एन.ए. आला, म्हणजे माल नाही.

माझा को-ड्रायव्हर होता सिपाही इब्राहिम. गाव कंधार. मी मुदखेडचा, त्यामुळे कंपनीत आम्हाला नांदेडची जोडी म्हणायचे. कंधारच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या वडिलांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. पोरगा त्याच दुकानात वाढला. गाडीत चहासाठी स्टोव्ह ठेवायचा आणि स्टोव्हच्या पंपाला लागणारी कातडी वॉशरं डबीत भरून सोबत बाळगायचा. वडिलांनीच कापून दिलेली.

तो म्हणाला, "उस्ताद, बूश न्हाई तर न्हाई. अब्बाचं वायसर बसवून बघू का?"

"ही गाडी आहे, स्टो नाही."

"पंप काय आन् वायपर काय, आत-बाहेरच तर करतंय."

त्याने वॉशर तेलात बुडवलं, कडा कातरून वाटीत दाबून बसवलं आणि गोळी वर ठोकली. बसली. काचेवर मगभर पाणी मारलं, स्विच दिला. वायपर मुकाट चालू लागला. मी म्हणालो, "तुझ्या अब्बाला सुभेदार करायला पाहिजे." तो लई हसला. आम्ही हात धुऊन जेवायला गेलो.

पहाटे बराकीतल्या खाटा हलल्या. कोणाला काही कळलं नाही. सकाळी फॉल इन झाला तेव्हा एमटीचे सुभेदारसाहेब एवढंच बोलले, "लातूरकडे भूकंप आहे. गावं बसली आहेत. एक तासात मदतीचा कॉलम निघेल." मी आणि इब्राहिमने एकमेकांकडे पाहिलं. आपला मुलूख.

औशाच्या पलीकडच्या एका गावात आमची तुकडी लागली. गाव म्हणजे दगड आणि माती. माळवदाची घरं होती ती. जाड भिंती, वर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारी, म्हणून लोक कौतुकाने बांधायचे. तीच झोपेत अंगावर आली. आमचं काम ठरलेलं होतं. खोदाईची पार्टी दगड उपसायची. जे जिवंत निघेल ते आमच्या गाडीतून लातूरच्या दवाखान्यात. जे मेलेलं निघेल ते दुसऱ्या गाडीतून गावाबाहेर. पहिल्या दिवशी आम्ही चार फेऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमची गाडी उभीच होती. उभ्या गाडीचा अर्थ सगळ्यांना कळत होता. तिथला वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. कोणी विचारलं तर मी विषय बदलतो.

त्यातच पाऊस सुरू झाला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं. डोक्यावर छप्पर नाही आणि वरून धार. काळी माती चिखल होऊन दगडांमधे उतरली आणि खोदाई आणखी जड झाली.

दुपारी पार्टीने एका मुलीला बाहेर काढलं. नऊ-दहा वर्षांची. नाव सुमन. तीन दिवस एका तुळईखाली होती. घरातलं दुसरं कोणी उरलं नव्हतं. डावा पाय पार चेचला होता. नर्सिंग असिस्टंटने पट्टा आवळला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "रक्त थांबत नाहीये. संध्याकाळच्या आत टेबलावर गेली तर जगेल. नाहीतर गाडी फिरवूच नका."

तो मुलीबरोबर मागे बसला, दोन्ही हातांनी पाय दाबून. पुढे मी आणि इब्राहिम. मुलगी रडत नव्हती. पाणी मागत होती.

गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत कच्ची वाट होती. मधे एक ओढा आणि त्याच्यावर फरशीपूल, म्हणजे कठडे नसलेला, पाण्याच्या जरा वर असलेला सपाट सिमेंटचा पट्टा. पाऊस असा की बोनेट दिसेना. मी डोळ्यांत तेल घालून चालवत होतो. वाटेतच ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर थांबला, आणि त्याच्या सळईवर चालणारा दुसराही. मोटर घुमत राहिली. इब्राहिम खाली उतरला, बोनेट उघडून हात घातला आणि तळहातावर काहीतरी घेऊन आला. वॉशरचा लगदा झाला होता. तेलात वर्षानुवर्षं चालणारं कातडं चार तास पाण्यात भिजून फाटलं होतं.

"दुसरं घालू का, उस्ताद?"

"तेही फाटेल. दोरी बांध."

ही जुनी ड्रायव्हरी रीत आहे. ताडपत्रीची दोरी दोन्ही वायपरना बांधायची आणि दोन टोकं दोन खिडक्यांतून आत घ्यायची. ड्रायव्हरने आपल्याकडे ओढायचं, को-ड्रायव्हरने त्याच्याकडे. एक हात स्टिअरिंगवर, एक दोरीवर. "ओढ." "सोड." असं करत आम्ही ओढ्यापर्यंत आलो.

फरशी पाण्याखाली होती. पाणी गुडघ्याएवढं, उजवीकडून डावीकडे जोरात. डाव्या कडेचे खुणेचे दगड वाहून गेलेले. मी खिडकीतून मान बाहेर काढली तर उजवी कड जेमतेम कळत होती. डावी अजिबात नाही. चाक अर्धा हात जरी चुकलं तरी गाडी मुलीसकट ओढ्यात.

रेडिओवर सुभेदारसाहेबांना सांगितलं, "ओढ्यावर पोचलो. फरशीवर पाणी. ओव्हर."

"थांबता येईल का? ओव्हर."

मी मागे पाहिलं. नर्सिंग असिस्टंटने मान हलवली.

"नाही, साहेब. ओव्हर."

"मग तुझ्या अंदाजाने. आउट."

इब्राहिमने तोवर शर्ट काढला होता. हिरवा शर्ट पावसात दिसत नाही. आत पांढरी गंजी होती.

"मी डाव्या कडंला हुबा ऱ्हातो. काचंतून धुरकट का व्हईना, पांढरं दिसंल. मला हातभर डावीकडं ठिवा आन् सरळ घ्या."

"दोर बांधून जा."

"दोर खोदाईवाल्यांकडं हाय." ताडपत्रीची दोरी माणसाला धरण्याजोगी नव्हती. तो म्हणाला, "गुडघाभरच तर हाय पानी, उस्ताद. कंधारच्या तळ्यात पवलेला मानूस हाय मी."

पहार टेकत टेकत तो निघाला. पायाने कड चाचपली, फरशीच्या मधोमध जाऊन थांबला आणि हात वर केला. मी फर्स्ट गिअर टाकला. काचेवर नुसतं पाणी होतं आणि पाण्यात एक पांढरा डाग. मी त्या डागाशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. डाग मोठा झाला, डावीकडे आला, खिडकीशी आला. मग गाडीच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. मी जाऊ दिली.

पुढची चाकं चढावर लागली, मागची लागली. मी ब्रेक मारून खाली उडी टाकली. फरशीवर पाणी होतं. पांढरं काही नव्हतं.

मी ओरडलो. खूप ओरडलो. कडेने धावलो. पाणी आता मांडीपर्यंत चढलं होतं.

"को-ड्रायव्हर वाहून गेला. ओव्हर."

रेडिओ खरखरला. मग आवाज आला, "पेशंट?"

"जिवंत. ओव्हर."

"पेशंट घेऊन पुढे जा. मी पार्टी पाठवतो. आउट."

मी पुढे गेलो. खिडकीतून मान बाहेर काढून लातूरपर्यंत गाडी नेली. पावसामुळे एक बरं झालं. तोंडावर नेमकं काय ओघळतंय ते दवाखान्यात कोणाला कळलं नाही. मुलगी दिवे लागायच्या आत टेबलावर गेली. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ती जगली.

इब्राहिम दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. खाली एका बाभळीत अडकला होता. ज्यांनी त्याला बाहेर काढलं त्या गावकऱ्यांची स्वतःची माणसं अजून दगडाखाली होती. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या खांद्यावरचं घोंगडं त्याच्यावर घातलं. मला म्हणाला, "आमचंच लेकरू हाय हे." मला त्या क्षणी पहिल्यांदा मोठ्याने रडू आलं.

पुढे सुट्टीवर आलो तेव्हा कंधारला गेलो. कंपनीच्या पत्रात एवढंच लिहिलं होतं की मदतकार्यात, पुराच्या पाण्यात. चाचा, म्हणजे इब्राहिमचे अब्बा, दुकानात स्टोव्ह पुसत बसले होते. इब्राहिमचा धाकटा भाऊ युनूस शाळेतून आला होता. चाचांनी चहा मागवला. मुलगी दवाखान्यात पोचली आणि जगली, एवढंच मी सांगितलं. तेव्हा ते बोलले.

"इब्राहिमनं खत लिहिलं व्हतं, निघायच्या आदल्या रोजी. तुमच्या गाडीत माझं वायसर बसवलं म्हनून. मुलगी दवाखान्यात पोचली म्हनजे ते टिकलं."

ते विचारत नव्हते, मला सांगत होते. चेहऱ्यावर तेवढा एकच उजेड होता. मी कप खाली ठेवला आणि मान हलवली.

"टिकनारच," ते म्हणाले. "म्हशीचं कातडं हाय."

मी गप्प बसलो ते बरोबरच केलं. आज पुन्हा त्या दुकानात बसलो तरी गप्पच बसेन.

निवृत्त झाल्यावर मी लातूरला नांदेड रस्त्याला गॅरेज टाकलं. आता आजूबाजूला क्लासच क्लास आहेत. भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे हातभर फोटो. जून लागला की किनवटपासून देगलूरपर्यंतचे आईबाप गाद्या, बादल्या आणि पोरं गाडीत कोंबून इथे येतात. पोरांना हॉस्टेलवर सोडतात आणि परत जाताना कोणाचं तरी काहीतरी माझ्या दारात बिघडतं. परवा युनूस आला. तो आता कंधारला गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. त्याची मुलगी शबाना डॉक्टरकीच्या क्लासला लागायची आहे. हॉस्टेलवर खोली पुढच्या आठवड्यात मिळणार होती, म्हणून नाव घालून बापलेक त्याच दिवशी परत निघाले होते. गाडी जुनी, तिसऱ्या हातातली. चाकूरच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं.

"चाचा, वायपर जरा अडकतंय," युनूस म्हणाला. "तेल सोडून द्या, चालंल. उशीर व्हऊन राहिला."

मी वायपरचे हात काढले, काचेखालची जाळी काढली आणि सळया बाहेर ओढल्या. उजव्या वाटीत बूश नव्हता. कातडी वॉशर होतं. काळं, तेलकट, कडा कातरलेलं. मी ते हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"हे कोणी बसवलं?"

"मीच. अब्बाच्या डबीतलं हाय." त्याच्या आवाजात अभिमान होता. "अब्बा मरेपत्तोर सांगायचे, भाईजानच्या गाडीत ह्येच व्हतं. भूकंपात, येवढ्या पावसात टिकलं."

शबाना मागच्या सीटवर पुस्तक उघडून बसली होती. मी युनूसला बाजूला घेतलं.

"युनूस, ते टिकलं नव्हतं."

"म्हंजी?" त्याने विचारलं.

"पावसात चार तासांत फाटलं. मला काचेतून कड दिसत नव्हती. म्हणून तो पाण्यात उभा राहिला, पांढऱ्या गंजीत. मला दिसावा म्हणून."

"अब्बाला?"

"नाही सांगितलं. आणि तुलाही सांगितलं नसतं. पण पोरगी गाडीत आहे."

त्याने माझ्या हातातून वॉशर घेतलं. अंगठ्याने दाबून पाहिलं, खूप वेळ. बाहेर पहिले थेंब पडायला लागले होते. मग त्याने ते खिशात टाकलं आणि डोळे पुसले.

"नवं घाला, चाचा," तो म्हणाला. "थांबतो मी."

मी नवा बूश घातला, गोळी ठोकली, ग्रीस भरलं, दुसऱ्या बाजूचाही बदलला. मग नळी लावून काचेवर पाणी सोडत राहिलो, एका मगावर भागवलं नाही. पट्ट्या इकडून तिकडे नीट फिरत होत्या. शबाना आतून स्पष्ट दिसत होती. हनुवटी अगदी इब्राहिमची आहे तिची. तिला कोणी सांगितलं असेल की नाही, माहीत नाही.

गाडी सुरू झाली तेव्हा पाऊस जोरात आला होता. मी दारात उभा होतो. गाडी माझ्या शेजारून जाऊ लागली तसा मी पुढे झालो आणि तिच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.