उपरण्याखालचा सौदा

छोट्या विमानांचा तो कारखाना डबघाईला आला होता. विकत घ्यायला वर्षभर लोक येत आणि चहा पिऊन जात. पंखांचे साचे मात्र लातूरला माझ्या वर्कशॉपमध्ये होते, माझ्याच मालकीचे. तरी कारखान्याच्या मालकाने एकदा मला बैठकीतून उठवलं होतं, "पत्रा ठोकणारे बाहेर थांबा."

शेवटी एक गिऱ्हाईक साचे बघायला मालकासोबत माझ्याकडेच आलं. "हे केवढ्याला द्याल?"

मी सौदा शिकलो लोहा गावच्या बैलबाजारात. तिथे आकडा तोंडाने बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून सांगतात. मी त्याच्या हातावर उपरणं टाकलं. सत्कार समजून त्याने हात जोडले.

मालक हसला. "गावठी पद्धत आहे, साहेब."

माझं डोकं फिरलं. "तुम्ही बाहेर थांबा!" तो खरंच गेला.

मग मी गिऱ्हाइकाला रीत समजावली. "साचे विकायचे न्हाईत. काम किती वर्षं देता, ते बोला," म्हणत त्याची पाचही बोटं दाबली. त्याने माझी चार दाबली.

कारखाना तो घेईल की नाही, अजून ठरलेलं नाही. पण जो कुणी घेईल, त्याला माझ्या उपरण्याखाली हात घालावाच लागेल.