पाटीवर मी मेलेलो

"पेंटर, तुम्ही मागच्या दारानं जा. पाहुणे आलेत," साहेब म्हणाले.

हातात रंगाची बादली होती. लातुरात क्लासेसच्या गल्लीत साहेबांनी नवी आर्ट गॅलरी बांधली, तिच्या भिंती मीच रंगवल्या. निघालो आणि थबकलो. समोर माझी शांता टांगलेली. माझी बहीण, पत्र्यावर मीच काढलेली.

खाली इंग्रजी पाटी: 'अनामिक खेडूत चित्रकार. भूकंपात मृत. मदतीच्या शेडच्या पत्र्यावर रंग.' मला वाचता येत नाही असं साहेबांना वाटलं असावं. क्लासेसच्या इंग्रजी पाट्या मग कोण लिहितं? परदेशी पाहुण्यांनी माझ्यासाठी माना खाली घातल्या. मी बादली घेऊन उभा.

औशाकडचं आमचं गाव. बौद्धवाड्यातलं घर भूकंपात बसलं. आई, बाप, शांता, तिघंही गेली. एकाचाही फोटो उरला नाही. नंतर मदतीच्या पत्र्याच्या शेडात डोळा लागला की शांता दार वाजवायची. उठून उघडायचो, कुणी नसायचं. म्हणून उरल्यासुरल्या रंगानं शेडच्या तीन पत्र्यांवर तिघांचे चेहरे काढले. पक्की घरं मिळाली, शेडं मोडली, तेव्हा साहेबांनी ते पत्रे नेले. त्यांचं फ्रेमचं दुकान होतं. "जपून ठेवतो," म्हणाले. मी भाबडा, हात जोडले. पुढं त्यांची मुंबईत गॅलरी झाली, मग परदेशात दोन. मी इथं गुणवंत पोरांचे बोर्ड रंगवत राहिलो. कुठल्याही पोरीचे डोळे काढले की शांताचेच व्हायचे. अजून होतात.

भूकंपात मेलेल्या माणसानं भूकंपानंतरच्या पत्र्यावर चित्र कसं काढलं? एवढ्या शिकलेल्यांपैकी एकानंही विचारलं नाही.

मी म्हणालो, "साहेब, म्या जित्ता हाय. ही माजी बहीण हाय."

साहेब कानाशी आले. "जगभर हेच छापलंय, पेंटर. तुम्ही मेलेलेच बरे."

इतकी वर्षं मी त्यांना 'हाव साहेब' म्हणत आलो. संताप आला, आणि लाजही वाटली, माझीच. पाट्या लिहायचा ब्रश कायम खिशात असतो. बादली खाली ठेवली. शांताच्या हनुवटीखाली तिचं नाव लिहिलं. त्याखाली माझं. कुणीतरी दंड धरला, तोवर शेवटचं अक्षर झालं होतं.

आई आणि बाप अजून साहेबांच्या परदेशातल्या गॅलऱ्यांत टांगलेले आहेत. त्यांच्याखालीही मी मेलेलाच असणार. पासपोर्टचा फॉर्म भरलाय. मी मेलो असं ज्याला म्हणायचंय, त्यानं आता माझ्या तोंडावर म्हणावं.