नऊच मिनिटं

गणपतकाका वेळ बघायच्या आधी घड्याळ कानाला लावायचे. चावीचं जुनं घड्याळ. चालू आहे याची खात्री पटली की मगच काट्यांकडे नजर. आंधळगावच्या तलावाच्या पायरीवर बसून त्यांचं हे चालायचं, तेव्हा मी पाण्यात पाठीवर पडलेला असायचो, नाकातोंडात पाणी जाऊन जीव मेटाकुटीला आलेला.

दोष माझाच. चाळिशी उलटल्यावर मला समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायची हुक्की आली. कोकणातल्या स्कूबा शिकवणाऱ्यांची अट होती: न थांबता दोनशे मीटर पोहायचं आणि कशालाही न धरता दहा मिनिटं तरंगायचं. मी जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेला आणि तिथेच नोकरीला लागलेला, पोहणं जेमतेम. कारखान्यातला एक सोबती म्हणाला, आमच्या आंधळगावात एक म्हातारे विणकर आहेत, पाण्यावर चक्क झोपतात.

काकांचा माग बंद पडला होता. काकू गेलेल्या, मुलगा सुरतेला. बोलायला कुणी नव्हतं म्हणून की काय, माझी अट त्यांनी माझ्यापेक्षा मनावर घेतली. तलावाच्या पाळीवर सुताचा धागा धरून शंभर मीटर मोजले, दोन टोकांना खुंट्या ठोकल्या. जाऊन-येऊन दोनशे. मी मध्येच थांबलो की पुन्हा पहिल्यापासून. तरंगताना अंग ताठ झालं तर मात्र रागावत नसत. हळूच म्हणत, "ढिल्लं सोड बाबू. मागावरचा ताना जास्त खेचला का धागा तुटते. पानी तुले धरून राहिलं ना, मंग तू काहून धरतो?"

दोनशे मीटर महिन्याभरात जमले. तरंगणं अडलं. दर रविवारी काका घड्याळ कानाला लावत, बघत आणि मान हलवत. "नऊच झाले. पुढच्या रविवारी ये." मग घरी नेऊन चहा. माझ्यासाठी दूध मुद्दाम जास्तीचं आणलेलं असे. असे आठ रविवार गेले. कोकणात जायची तारीख जवळ आली आणि मी अगदी रडकुंडीला आलो.

तिथे परीक्षेला पाण्यावर पडलो. थोड्या वेळाने शिकवणारा म्हणाला, झाली दहा मिनिटं, या बाहेर. मला वाटलं, चेष्टा करतोय. काकांची नऊ मिनिटं याच्या दुप्पट तरी असत! लक्षात आलं तेव्हा आधी भयंकर राग आला. आठ रविवार! मग ते जास्तीचं दूध आठवलं आणि राग कुठल्या कुठे गेला.

परत आल्यावर पेढे घेऊन गेलो. मिनिटांबद्दल अवाक्षर काढलं नाही. काकांनी पाठीवर थाप मारली. किती खोल गेलो, कोणते मासे दिसले, सगळं खोदून खोदून विचारलं. मग घड्याळ कानाला लावलं, पण काट्यांकडे बघितलंच नाही.

"मंग आता कायले येशील तू," ते म्हणाले.

मी म्हटलं, रविवारी येतो ना.

नाही गेलो. एका रविवारी लग्न, एका रविवारी पाहुणे, नंतर नुसता आळस. सांगायला लाज वाटते. पुढे एकदा कारखान्याच्या बसमध्ये त्याच सोबत्याने सांगितलं, काका गेले, पंधरा दिवस झाले.

त्या रविवारी तलावावर गेलो. खुंट्या तशाच होत्या. पाण्यावर पडलो, अंग ढिलं सोडलं आणि वाट बघत राहिलो. नऊच झाले म्हणायला पायरीवर कुणी नव्हतं.